खिळ्यावरचा फोन

आमच्या पाड्यावर टॉवर नाही. म्हणून या फोनवरून शेजारच्या फोनवर, तिथून पुढच्यावर, असा निरोप डोंगर उतरवणारी एक सोय आम्हाला मिळाली आहे. ज्याला निरोप द्यायचा त्याचा फोन कुठे आहे, हे नकाशावर पाहून ती वाट काढते. आज शेजारच्या सविताला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या आणि मी जीपवाल्या किसनला निरोप पाठवला. लगेच स्क्रीनवर उमटलं, ‘पोहोचला’. जीप मात्र आली नाही.

सविताची सासू म्हणाली, “किसनचा फोन खाली चहाच्या टपरीत खिळ्याला टांगलेला असतो. गाडीत ठेवला तर वळणाआड कुणाचा निरोप लागत नाही म्हणे. तो असेल भाडं घेऊन बाजारात.”

माझं डोकंच फिरलं. पण किसनवर काय चिडायचं? आमच्याकडे सगळं असंच पोहोचतं. नळ पोहोचला, पाणी नाही. दवाखाना पोहोचला, डॉक्टर नाही. नकाशावर ठिपका जागेवर दिसला की वरच्यांचं काम संपतं. माणूस पोटासाठी दिवसभर हलत असतो, एवढी साधी गोष्ट ही सोय करताना कुणाला सुचू नये?

शेवटी घोंगडीची झोळी बांबूला बांधली आणि आम्ही चौघांनी ती उचलली. उतारावरही माझं तणतणणं चालूच होतं. झोळीतून सविता दात आवळून म्हणाली, “भाऊ, भाषण खाली गेल्यावर करा. आधी पाय बघून टाका.”