कापणारीचा वाटा

आमच्या धाकटीइतकं चोख सफरचंद कापणारं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. धाकटी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची, दोन नंबरची मुलगी. सुरी हातात आली की आधी ते सफरचंद फिरवून फिरवून बघणार, देठ कुठे, फुगवटा कुठे, डाग कुठे, आणि मग एकदाच काय ती सुरी चालवणार. दोन फोडी अशा पडायच्या की बघणाऱ्याने नुसतं बघत राहावं. मग थोरली पुढे व्हायची. ती फोडींकडे बघायचीच नाही. बघायची धाकटीच्या तोंडाकडे. धाकटीचे डोळे जिकडे जरा रेंगाळले, ती फोड थोरलीने उचललीच म्हणून समजा.

हा नियम दादाचा. दादाचं फोटोफ्रेमचं दुकान, मागे राहायची खोली. वहिनी गेली तेव्हा पोरी लहान होत्या. एकीच्या बशीत डोकावून दुसरी भोकाड पसरणार, आणि त्याच वेळी दादाच्या हातात काच कापायचा हिरा. एकदा तो असा काही वैतागला! "एकीने कापायचं, दुसरीने निवडायचं. पुन्हा माझ्या कानावर कुरकुर आली तर बघा." थोरली पहिल्यापासून चलाख. ती म्हणाली, मी निवडणार. झालं! तेव्हापासून एक कापतेय आणि एक निवडतेय. आळीपाळीने करा, हे दादाच्याही डोक्यात आलं नाही.

बुद्धिबळही दादानेच शिकवलं. गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर पट मांडायचा. पोरी बघता बघता त्याच्या पुढे गेल्या आणि मग स्पर्धांना जायला लागल्या. न्यायचं काम माझ्याकडे. मी शाळेची व्हॅन चालवतो, सुट्टीच्या दिवशी ती मोकळीच असते. मला त्या खेळातलं उंट तिरका जातो एवढंच कळतं, पण पोरींकडे बघून डाव कसा चाललाय ते मी बरोब्बर सांगायचो. थोरली जिंकायला आली की तिचा पाय टेबलाखाली हलायचा. धाकटी अडचणीत आली की वेणीचं टोक दातात धरायची.

आणि मग दादाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ वाचली एवढंच नशीब. मागच्या खोलीत पडून तो दुकानातले आवाज ऐकायचा आणि तिथूनच ओरडायचा, "काच दाबू नका, सरकवा!" कूस बदलायलाही माणूस लागायचं. मी त्याला माझ्या घरी नेतो म्हटलं, पण माझ्या दोन खोल्यांत आधीच आम्ही सहा माणसं, आणि हा हट्टी दुकान सोडायला तयार नाही.

त्याच वर्षी राज्याच्या अजिंक्यपदाची अंतिम लढत लागली, आणि समोरासमोर कोण? आमच्याच दोघी! लोकांनी अभिनंदन केलं, मला मात्र त्याचा आनंद होईना. एका मोठ्या कंपनीने जाहीर केलं होतं की विजेतीला मोठ्या शहरात नोकरी, एकटीला राहायला खोली आणि खेळायला भरपगारी सुट्टी. जागा एकच. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. जिंकेल ती जाणार. हरेल ती दादाची कूस बदलत राहणार.

चार डाव झाले, चारही बरोबरीत. मग झटपट डाव दोन झाले, एक हिने मारला, एक तिने. पुन्हा बरोबरी! आता काय करायचं यावर हॉलमध्ये नुसता गोंधळ. एक जण म्हणाला, दोघींना मिळून अजिंक्यपद द्या. कंपनीचा माणूस म्हणाला, जागा अर्धी करता येत नाही. दुसरा म्हणाला, गेल्या वर्षीची विजेती थोरली, तिच्याकडेच राहू दे. मी उसळलो. "का म्हणून? बरोबरी म्हणजे बरोबरी, त्यात जुनं काय आणि नवं काय!" तिसऱ्याने खिशातून नाणं काढलं. आदल्या वर्षी मुलांचं पद नाण्यावरच गेलं होतं आणि हरलेला मुलगा जिन्यात बसून हमसून हमसून रडत होता, ते सगळ्यांनी पाहिलेलं. त्याला नाणं परत खिशात घालावं लागलं.

पंच भला माणूस, चष्मा सारखा पुसणारा. त्याने समजावून सांगितलं. शेवटचा एकच डाव खेळायचा. पांढऱ्याला जिंकावंच लागेल, काळ्याला नुसती बरोबरी पुरेल. म्हणून काळ्याला घड्याळात वेळ कमी द्यायचा. "पण किती कमी?" तो म्हणाला. "हेच तर घोडं दरवर्षी अडतं. पांढऱ्याला पाच आणि काळ्याला चार दिली तर पांढरा ओरडतो. काळ्याला तीन दिली तर काळा ओरडतो. आणि रंग कुणाला कुठला, ते ठरवायला पुन्हा नाणंच."

तेव्हा धाकटी बोलली. एरवी चारचौघांत तोंड न उघडणारी पोर.

"आमच्या घरी करतात तसं करा ना," ती म्हणाली. "एकीने मिनिटं ठरवायची. दुसरीने रंग निवडायचा."

पंचाने चष्मा पुसणं थांबवलं. "म्हणजे जी मिनिटं ठरवेल तिला कुठला रंग येणार ते माहीत नाही. मग ती वेडीवाकडी मिनिटं ठरवूच शकत नाही!" त्याने टेबलावर थाप मारली. "पोरी, भांडणच मिटवलंस की!"

"मिनिटं कोण ठरवणार?" कुणीतरी विचारलं.

"मी," धाकटी म्हणाली. थोरलीने नुसती मान हलवली. त्यांना यात विचारायचं असं काही वाटलंच नाही.

धाकटी घड्याळ पुढ्यात घेऊन बसली. सफरचंद फिरवावं तसं तिने ते दोन्ही हातांनी फिरवलं. मला तिच्या कानात ओरडावंसं वाटत होतं की अगं, तुला सोयीचं काहीतरी कर, एकदा तरी आपल्याकडे थोडं जास्त ओढ! पण या नियमात तशी सोयच नाही. आपल्याकडे ओढावं तर समोरची तोच वाटा उचलते. शेवटी ती म्हणाली, "पांढऱ्याला दहा. काळ्याला सव्वासहा."

थोरलीने घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. धाकटीच्या तोंडाकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं.

"काळे," ती म्हणाली.

डाव सुरू झाला. मी पोरींवर नजर लावून बसलो. थोरलीचा पाय जमिनीला खिळलेला. धाकटीची वेणी पाठीवर. म्हणजे धाकटी वरचढ होती! मी शेजारच्याला कोपर मारलं, त्याने मान डोलावली. एक प्यादं जास्त आहे म्हणाला, आणि ते वजीर व्हायला निघालंय. मला तर मोठं शहर दिसायला लागलं, धाकटीची खोली, तिला सोडायला जाणारा मी.

आणि ती थांबली. तिची पाळी, तिचं घड्याळ चाललेलं, आणि ही बाई पटाकडे बघत बसलीय. प्याद्याकडे बघायची, मग राजाकडे, परत प्याद्याकडे. हात पुढे यायचा, परत मांडीवर जायचा. थोरली घामाने भिजलेली. घड्याळ उडतंय, आणि हिचं आपलं तळ्यात-मळ्यात! वेणी तोंडात गेली तेव्हा मी समजलो. शेवटी घड्याळात काही राहिलं नाही, तेव्हा तिने घाईने प्यादं पुढे ढकललं. थोरलीच्या राजाला शह नाही, पण हलायला घरही नाही. असं झालं की डाव बरोबरीत सुटतो. आणि बरोबरी म्हणजे काळा जिंकला.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. थोरलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "अगं, मारायचं होतंस ना मला," ती म्हणत होती. धाकटी सोंगट्या पेटीत भरायला लागली होती, पांढऱ्या एकीकडे, काळ्या एकीकडे.

पंचाने मला बाजूला घेतलं. "तिच्याकडे दोन वाटा होत्या हो. प्यादं तसंच ठेवून राजा या बाजूने चालवला असता किंवा त्या बाजूने. दोन्हींनी जिंकत होती. कुठलीही एक घ्यायची होती फक्त."

व्हॅनमध्ये शाळेच्या पोरांच्या बुटक्या सीटवर दोघी गुडघे पोटाशी घेऊन बसल्या. थोरली सबंध रस्ता रडत होती. जिंकलेली ती, आणि तिला पाणी पाजत होती धाकटी.

घरी दादा वाट बघत होता. सगळं ऐकून घेतलं आणि त्याने एकच विचारलं, "कापलं कुणी?"

"मी, बाबा."

"मग ठीक आहे," तो म्हणाला, आणि डोळे मिटले.

माझं डोकंच फिरलं. अरे, काय ठीक आहे! पोरीचं आयुष्य गेलं आणि म्हणे ठीक आहे! पण पुढे बोलणार काय? नाणं उडवलं असतं तर नाण्याला शिव्या घातल्या असत्या. पंचाने मिनिटं ठरवली असती तर त्याच्या नावाने बोटं मोडली असती. इथे कुणाचं नाव घेणार? मिनिटं हिची, नियम हिचा, खेळली ही. मी दुकानात जाऊन काचेचा एक टाकाऊ तुकडा पिंपात आपटला, तेवढंच.

थोरली गेली. पुढच्या वर्षी तिचं पद गेलं, पण नोकरी टिकली, लग्न झालं, खेळ सुटला. फोन करायची, औषधं पाठवायची. वाईट नव्हतीच ती कधी. धाकटीने दुकान धरलं. सकाळी दादाचं आवरायचं, मग शटर वर करायचं. पट्ट्या तिरक्या कापायच्या, कोपरा कोपऱ्याला भिडवायचा, काच, चित्र, पुठ्ठा, बारीक खिळे, मागून चिकटपट्टी. तिच्या फ्रेमच्या कोपऱ्यात नख जायचं नाही. गिऱ्हाइकाने विचारलं, "सोनेरी बरी दिसेल का काळी?" तर म्हणायची, "तुम्हीच सांगा." त्यापायी दोनचार गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेलीसुद्धा.

एकदा तो पंच आला, हातात गुंडाळी. तो नियम आता सगळ्या स्पर्धांना लागू झाला होता आणि त्याबद्दल त्याला मानपत्र मिळालं होतं. ते फ्रेम करून हवं होतं. "सगळ्यात न्याय्य तोडगा म्हणतात," तो लाजत म्हणाला. "खरं तर तुझाच." धाकटी हसली आणि मानपत्राची लांबीरुंदी मोजायला लागली. मी तिथेच बसलो होतो. पंच गेल्यावर मी म्हणालो, "तुला काहीच वाटत नाही का गं? चीड नाही येत?"

"कशाची काका?" ती म्हणाली. "मला दोन्ही रंग सारखेच होते. खरंच सारखे होते."

तिची काही तक्रारच नाही. मला तेच खुपतं.

दादा बरीच वर्षं अंथरुणाला खिळून राहिला आणि मग गेला. थोरली आली. चार दिवस झाल्यावर आम्ही तिघं मागच्या खोलीत बसलो होतो. दादाची कॉट तशीच होती, गादी गुंडाळलेली. थोरलीने डोळे पुसले आणि म्हणाली, "यावेळी मी कापते. तू निवड."

मी ताठ बसलो. हे ऐकायला किती वर्षं घालवली होती मी!

"एक वाटा म्हणजे हे दुकान आणि ही खोली, सगळं तुझ्या नावावर. मला काही नको. दुसरा वाटा म्हणजे हे विकायचं आणि तू माझ्याकडे यायचंस. आमच्या कंपनीच्या क्लबला मुलींना शिकवायला कुणीतरी हवंय, मी बोलून ठेवलंय. पुन्हा पटावर बसशील. सांग, तुला काय हवं?"

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. ती एकदा दुकानाच्या दाराकडे बघायची, एकदा थोरलीच्या बॅगेकडे. हात जरा उचलायची, परत मांडीवर ठेवायची. मी हे आधी पाहिलं होतं. केसांत पांढऱ्या बटा आलेली बाई, आणि वेणीचं टोक दातात गेलं.

"ताई," ती शेवटी म्हणाली, "तुला यातला कुठला नकोय?"

थोरली कळवळली. "अगं, माझं सोड ना! तुझं सांग!"

"तसं नाही. तुझा कुठला उरतो ते सांग. मी तो घेते."

मला राहवलं नाही. "तोंडाने बोल काहीतरी, बाई! दोन्ही तुझेच आहेत! डावा म्हण, उजवा म्हण, कुठलाही म्हण!"

तिने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात दुकानात कुणीतरी काउंटरवर टकटक केलं आणि ती सुटल्यासारखी उठून गेली. बाहेरून तिचा आवाज आला, "काच साधी लावू का बिनचकाकीची? तुम्हीच सांगा."

थोरलीने आठवडाभर वाट पाहिली आणि गेली. फोनवर विचारत राहिली. धाकटी म्हणायची, बघतेय गं, दोन्ही सारखेच चांगले कापलेस. मग क्लबने दुसरी कुणी मुलगी घेतली. थोरलीने विचारणं बंद केलं.

परवा मी दुकानात गेलो. घरून एक सफरचंद नेलं होतं. म्हटलं, काप. तिने फिरवून फिरवून पाहिलं आणि दोन फोडी केल्या. बशी माझ्यापुढे सरकवली आणि हात मांडीवर ठेवून वाट बघत बसली. मी म्हणालो, "आधी तू घे." ती थांबून राहिली. मीही थांबलो. फोडी लाल पडायला लागल्या तेव्हा मी एक उचलली, आणि मग तिने दुसरी घेतली.