बुढीच्या चेहऱ्याचा रंग

माझी बुढी, म्हणजे बायको, गेल्यावर कळलं, की घरात तिचा एकही धड फोटो नाही. लग्नाकार्यातल्या फोटोंत ती कायम मागे, कोणाच्या तरी खांद्याआड. शेवटी लेकानं आधार कार्डावरचा पुसट झालेला फोटो स्टुडिओत नेला आणि मोठा करून आणला. स्टुडिओवाल्यानं तिला जरीचं पातळ नेसवलं, गळ्यात हार घातला, नाक तासून बारीक केलं आणि तोंड गोरंपान. बुढी काळी होती. धानाच्या बांधीत रोपांचं रोवणं करायला उतरली की तिचे पाय कुठं संपले अन् चिखल कुठं सुरू झाला, ते कळत नसे.

मी लेकाला विचारलं, "हे कोणाची बाई घेऊन आला?"

"बाबा, आता सबन असेच करतेत," तो म्हणाला.

"करू दे. वर्षाच्या पुण्यानुमोदनाले टेबलावर हे बाई बसनार नाही. मी काढतो तिले."

बोललो, आणि फसलो. मी पेंटर आहे खरा. शाळा चौथीत सुटली, पण मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकांचे पडदे रंगवण्यात उमर गेली. कोंढा-आसगावकडे माझ्या दरबाराच्या पडद्याशिवाय राजा सिंहासनावर बसत नव्हता. माझा पडदा मांडवात सगळ्यांसमोर आणि मी जेवायला मांडवामागे, ती गोष्ट वेगळी. आता पडदे छापून येतात. पण माणसाचं तोंड मी कधी काढलं नव्हतं. पडद्यावर खांब काढायचे, झुंबर काढायचं, सिंहासन रिकामं ठेवायचं. माणसं जिवंत येऊन उभी राहतात. त्यात डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टर म्हणाला, गेली ती नजर परत येत नाही, उरली ती सांभाळा.

माझी नातीन नागपूरला चित्रकलेच्या कॉलेजात आहे. तिला अभ्यासाला स्पेन देशाच्या राजाचा एक पेंटर होता, साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीचा. सुट्टीत तिनं त्याच्या चित्रांचं जाडजूड पुस्तक आणलं. ते मी तिच्याकडून ठेवून घेतलं. रोज सकाळी छपरीत ऊन आलं की भिंग घेऊन बसायचो. पुस्तक इंग्रजीत; आठवड्याला ती यायची, तेव्हा मजकूर सांगायची.

राजा-राणी मी भराभर उलटले. तसले मला ठाऊक होते. पण त्या पेंटरनं राजाला हसवणारे बुटके लोकही काढले होते, आणि कोणाचीही टर न उडवता. ते सरळ तुमच्याकडे पाहतात, तेव्हा आपणच नजर खाली घालतो. एका पानावर एक सावळा माणूस होता, पांढऱ्या झालरीची कॉलर, मान ताठ. नातीन म्हणाली, हा त्या पेंटरच्याच घरचा गुलाम. मी त्या पानावर अडकलो. गुलामाला त्यानं गोरा केला नव्हता. गालावर उजेड होता, पण तो काळ्या कातडीवरचा उजेड होता. मला हाच पाहिजे होता. माझ्या डब्यांत राणीच्या महालासाठी गुलाबी होता आणि राक्षसाच्या गुहेसाठी तपकिरी. मान राखावा अशा काळ्या बाईसाठी मी जन्मात कधी रंग मिसळला नव्हता.

मग नातनीनं आणखी सांगितलं. त्या पेंटरला छातीवर सरदारांचा लाल क्रूस लावायचा होता. त्यासाठी त्याच्या घराण्याची चौकशी झाली, रक्त शुद्ध आहे का म्हणून. आणि साक्षीदारांना सांगावं लागलं, की हा पोटासाठी चित्रं काढत नाही.

"म्हणजे तिकडेबी," मी म्हणालो.

"तिकडेबी, आबाजी."

त्या दिवशी मी जेवलो नाही. एवढा मोठा पेंटर, राजाच्या वाड्यात राहणारा, त्यालाही आपल्या हाताचा धंदा लपवावा लागला. मी तर लपवणार नव्हतो.

नातनीनं तेलाच्या रंगाच्या नळ्या आणल्या, लाकडी चौकटीवर कापड ताणून दिलं. मी बुढी काढायला घेतली. पडद्याचा रंग म्हणजे भुकटी आणि सरस. ओला असताना गडद, वाळला की उतरतो. म्हणून पडदेवाल्याचा हात सवयीनंच गडद चालतो. माझाही चालला. काढून झालं तेव्हा तोंड कोळशासारखं दिसत होतं. मी म्हटलं, उतरेल.

नातीन म्हणाली, "आबाजी, तेलाचा रंग उतरत नाही."

"तू मले रंग शिकवून राहिली का?"

 मी चौकट उन्हात ठेवत गेलो, संध्याकाळी आत आणत गेलो. रंग उतरला नाही. पुण्यानुमोदन उद्यावर आलं. पाहुणे निघाल्याचे फोन येऊ लागले, आणि मला त्या कापडावर बुढी दिसेना. नुसता काळा डाग. डोळ्यांचा दोष की हाताचा, तेही कळेना. मी टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवली आणि तोंड पुसून काढलं. नाक गेलं, डोळे गेले, कुंकू गेलं. पुसता पुसता मी रडत होतो, हे नातीन मागे उभी राहिल्यावर समजलं.

तिनं चौकट उजेडाकडे धरली. रंग गेला होता, पण कापडाच्या विणीत पातळसा राहिला होता. तो बुढीचा रंग होता. तोच. गालावरच्या उजेडासकट.

"आबाजी, हेच. आता याच्यावरच काढा," ती म्हणाली. "तो पेंटरबी असाच पातळ लावे."

मी ब्रश घेतला. नाक कुठून सुरू करायचं, म्हणून डोळे मिटले. नाक आलं, पण ते स्टुडिओवाल्यानं तासलेलं. पुन्हा मिटले. तेच आलं. इतक्या वर्षांचा संसार, आणि तिचं नाक मला आठवेना. नातीन थांबून होती. मी ब्रश तिच्यापुढे धरला, तिनं तो घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी लेकानं टेबलावर जरीच्या पातळातली बाई ठेवली, मेणबत्त्या लावल्या. मी कापडाची चौकट उचलून तिच्या बाजूला ठेवली. बुद्धवंदना सुरू झाली. हात जोडले. इकडे नाक-डोळे होते, तिकडे रंग होता. मी एकदा इकडे पाहत होतो, एकदा तिकडे, आणि बुढी दोन्हीकडे नव्हती.