माणसाचं का कापसाचं?

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. मंठ्यात माझं मेडिकल आहे. 'बाहेरचं झालंय' म्हणत कुणी आलं तरी मी त्याला आधी थर्मामीटर लावते. तरीही हे लिहितेय, कारण नवऱ्याशिवाय कुणाला न सांगता मनात ठेवून आता कंटाळा आलाय.

गोष्ट २००८-०९ च्या सुमाराची. मी जालन्यात डी.फार्म.ला होते. फार्माकॉलॉजीचे सर मध्येच नोकरी सोडून गेले, म्हणून कॉलेजनं आम्हाला इंटरनेटवरच्या एका कोर्सला बसवलं. कॉम्प्युटर लॅबमध्ये हेडफोन लावायचे आणि कुठल्याशा मॅडमचं रेकॉर्ड केलेलं इंग्रजी ऐकायचं. नेट असं, की मॅडमचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं... तेवढ्यात आमच्या गप्पा मारून व्हायच्या.

त्या दुपारी पहिलाच धडा होता — औषध म्हणजे काय. मॅडमनी व्याख्या सुरू केली आणि चित्र अडकलं. तेवढ्यात हेडफोनमध्ये एक बाई बोलली. घसा बसलेला, आवाज जरा वैतागलेला.

"कोणतं औषध? माणसाचं का कापसाचं?"

मला वाटलं, शेजारची वर्षा चेष्टा करतेय.

"वर्षे, तू काई म्हणलीस का?"

"मी कशाला म्हणू? माझं तर बंदच पडलंय."

आणि पुन्हा तीच बाई — "अगं इचार ना."

आमच्याकडं खोकल्याचं ते औषध आणि कापसावर फवारायचं तेही औषधच. विष असं कुणी म्हणत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण त्या क्षणी आई आठवली. आईला खोकला होता. मी हेडफोन टाकून बाहेरच्या कॉईनबॉक्सवरून घरी फोन लावला.

"आई, काय करू राह्यलीस?"

"काई न्हाई बाई. खोकल्यानं जीव घेतला. औषध घेऊ राह्यले."

"कोणतं औषध?"

"ते देवळीतलं. आपलं न्हेमीचं."

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "माणसाचं का कापसाचं?"

आई हसली. मग हसायची थांबली.

"थांब गं... याचा वास येगळाच येऊ राह्यला."

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेजाऱ्याकडून फवारणीचं थोडं औषध आणलं होतं — खोकल्याच्या रिकाम्या बाटलीत. भिंतीतल्या देवळीत ठेवलं आणि विसरून गेले. आईनं ते झाकणात ओतलेलं होतं. मी तिथंच, कॉईनबॉक्सला धरून रडले.

नंतर तो धडा कितीदा तरी लावून ऐकला. नुसतं इंग्रजी. एक शब्द मराठी नाही.

इथवर असतं तर योगायोग म्हणून मी सोडून दिलं असतं. पण मध्यंतरी एका गिऱ्हाइकाच्या सुनेनं मोबाईलवर विचारलं — सासऱ्यांनी आणलेलं औषध पोराला देऊ का? दिवसभर बोलून माझा घसा बसला होता. त्याच घशानं मी व्हॉइस मेसेज पाठवला. नीट गेला का बघावं म्हणून इअरफोन घालून ऐकला.

"कोणतं औषध? माणसाचं का कापसाचं? अगं इचार ना."

तीच बाई. तोच घसा, तोच वैताग. लॅबमध्ये होते तेव्हा माझा आवाज पोरीचा होता, हा बसलेला आवाज माझाच, हे मी ओळखणार कशी?

नवरा म्हणतो, मनाचे खेळ. असतीलही. पण गिऱ्हाईक चिडो, घसा बसो, तेवढा प्रश्न मी विचारतेच. यातला कोणता तिकडं लॅबमधल्या त्या पोरीच्या कानात जाणार आहे, मला काय माहीत... आणि एखाद्या दिवशी विचारायचा राहिला तर?

आई काउंटरमागं शेंगा फोडत बसलेली असते.

"किती येळा तेच तेच इचारतीस गं," म्हणते.

तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.