अर्ज मिळाला, धन्यवाद

कचेरीत तिला सगळे शीबाई म्हणत. दुसऱ्याचा प्रोग्राम वाचायला घेतला की दर दहा ओळींमागे तिच्या तोंडून एक "शी!" निघे आणि नाक असं मुरडलं जाई, की शेजारचा कारकून टेबलाखाली वाकून बघे, कुठे उंदीर मेलाय का. तिला त्याचं काही वाटत नसे. घाणीला घाण म्हणणारं कुणीतरी हवंच, असं तिचं म्हणणं.

यंदा तिच्या गळ्यात पडला तो परिचारिकांच्या बदलीच्या अर्जांचा प्रोग्राम. लिहिला होता मौनीबाबांनी, म्हणजे नुकत्याच निवृत्त झालेल्या तिच्या वरिष्ठांनी. त्यांच्या प्रोग्रामने कधी चूक म्हणून दाखवली नाही, म्हणून हे नाव. निरोपसमारंभात साहेबांनी याच गुणाचं तोंडभरून कौतुक केलं होतं, आणि शीबाईनेही टाळ्या वाजवल्या होत्या.

तिसऱ्या पानावर तिला त्या मौनाची वास मारणारी जागा सापडली. अर्ज आला की डेटाबेसशी जोडणी उघडायची, अर्ज आत ठेवायचा, जोडणी बंद करायची, एवढं साधं काम. बाबा उघडत होते. बंद करायचं नावच नाही! डेटाबेसला एका वेळी जोडण्या चालायच्या शंभरच. यंत्र रोज सकाळी नव्याने सुरू व्हायचं, दुपारपर्यंत शंभर संपायच्या, आणि पुढच्या अर्जांना डेटाबेस सरळ नकार द्यायचा. नकार कळवायचाही बिचारा. पण बाबांनी तो परस्पर गिळून टाकायची सोय केली होती. आत काहीही होवो, पडद्यावर यायचं, "अर्ज मिळाला, धन्यवाद."

"शी! शी! शी!" कारकून उठून उभाच राहिला.

दुपारचे अर्ज. शीबाईचे हात थांबले. तिची धाकटी नणंद परिचारिका, पाच तासांवरच्या दवाखान्यात. सकाळपाळी करून मागच्या वर्षी तिने अडीच वाजता इकडे बदलीचा अर्ज भरला होता. यादीत नाव आलं नाही. "पहिल्यापासून धांदरटच," सासूबाई म्हणाल्या. आणि घरातली जाणकार म्हणून शीबाईने निकाल दिला, "बटण नीट दाबलं नसशील." नणंद भांडली नाही. "असेल," म्हणाली, आणि दोन वर्षांच्या लेकीला वहिनीकडे ठेवून परत गेली. ती पोर आता तीन वर्षांची झाली आणि मामीलाच आई म्हणते.

साहेबांनी ऐकून घेतलं. "दुरुस्त करा गुपचूप. पण चुकाबिका दाखवू नका हो, लोक घाबरतात."

"घाबरू देत," ती म्हणाली.

तिने प्रत्येक जोडणी बंद होईल असं केलं. तरीही शेवटच्या दिवसांच्या झुंबडीत जागा मिळाली नाहीच, तर पडद्यावर खरं तेच येईल अशी व्यवस्था केली. दुसऱ्या दिवशी झुंबड उडाली आणि पडद्यावरचं खरं वाचून लोकांचे फोन खणखणू लागले. "इतकी वर्षं सुरळीत चाललं होतं," साहेब ओरडले, "तुम्ही हात लावलात आणि बिघडलं!" मौनीबाबांची आठवण काढून दोघातिघांनी उसासेही टाकले. असल्या उसाशांची तिला किळस आली.

अडीचच्या सुमाराला नणंदेचा फोन आला. आवाज रडवेला.

"वहिनी, माझंच नशीब फुटकं गं. 'अर्ज नोंदला गेला नाही, थोड्या वेळाने पुन्हा भरा' म्हणतंय. काय चुकीचं दाबलं मी?"

"काही नाही. गर्दी आहे. दहा मिनिटांनी परत भर. पडद्यावर अर्जाचा क्रमांक आला तरच झाला समज."

बाराव्या मिनिटाला पुन्हा फोन. "आला! क्रमांक आला, वहिनी!"

इथेच फोन ठेवता आला असता. नणंदेला कधी कळलंही नसतं. गिळून टाकायचं आणि वर धन्यवाद म्हणायचं, झालं. शीबाईला स्वतःचाच वास आला.

"ऐक. मागच्या वर्षीही तू अर्ज नीटच भरला होतास. आमच्या इथे गिळला गेला."



"मग तू म्हणालीस ते, बटण नीट दाबलं नाही?"

"न बघता म्हणाले."

"वर्ष गेलं माझं."

"हो."

"शी, वहिनी," नणंद हळूच म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.