पहिला लाडू

माझ्या ओट्यासमोरच्या खिडकीतून शेजारच्या सुनंदाताईंचं स्वयंपाकघर दिसतं. आज सकाळी त्या लाडू वळत होत्या, भाजल्या जवसाचा वास इथवर येत होता. पाळी जायचे दिवस आहेत त्यांचे. मधूनच अंगाची लाही होते, झोप उडते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, शिवाय रोज जवस-तीळ खा म्हणाले. मागच्या खेपेला ताईंनी लाडू केले आणि आग्रह करकरून घरादाराला वाढले. डबा रिकामा, ताई उपाशी!

हार्मोन्सचा तोल बिघडतो म्हणतात. मला वाटतं, आमचा तोल पानं वाढतानाच बिघडतो. बाळंतिणीचे डिंकाचे लाडूसुद्धा बाळ बघायला आलेल्यांच्या बशीत जातात.

आज मात्र ताईंनी पहिला लाडू देवापुढे ठेवला, हात जोडले आणि तोच उचलून उभ्याउभ्या खाल्ला, अगदी सावकाश.

"झाले का गं लाडू?" आतून त्यांच्या यजमानांनी विचारलं.

"वळतेय अजून!" भरल्या तोंडाने ताई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या.

मी चहा गाळला. पहिला कप कुणाला नेऊन दिला नाही. खिडकीशीच उभी राहून, गरम असतानाच प्यायले.