दहा इंची लाद्या

ऐंशीच्या दशकात मी लोकांना घरासाठी कर्ज मिळवून द्यायची कामं करायचो. अर्ज भरायचा, पगाराचे दाखले जमवायचे, आणि कर्ज देणाऱ्या कंपनीचा व्हॅल्युअर, म्हणजे जागेची किंमत ठरवणारा माणूस, जागा मोजायला निघाला की त्याच्याबरोबर जायचं. हा व्हॅल्युअर आम्हा एजंटांचा साहेब नव्हता, पण त्याच्या एका आकड्यावर आमचं महिन्याभराचं काम उभं राहायचं किंवा बसायचं. त्यामुळे आम्ही त्याला जपायचो, आणि जमलं तर फसवायचोही. मी फसवलं, म्हणून हे लिहितो आहे.

कांजूरमार्गला नवी इमारत होती. घेणारी बाई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. आई-वडील जालन्याकडून आलेले, सगळं आयुष्य भाड्याच्या खोलीत गेलेलं. हिचं घर त्या कुटुंबातलं पहिलंच. बयाणा देऊन झाला होता. पण बिल्डरने कागदावर जागा थोडी फुगवून लिहिली आहे, हे मला ठाऊक होतं. व्हॅल्युअरच्या मापात ती कमी भरली असती तर कर्ज कमी झालं असतं आणि बाईंचा बयाणा बुडाला असता. माझी दलालीही. ही दुसरी गोष्ट मी बरीच वर्षं स्वतःपासूनसुद्धा लपवली.

व्हॅल्युअर साठीला आलेले, जाड भिंगांचा चष्मा लावणारे इंजिनिअर होते. कापडी टेपचं तोंड धरून मी खिडकीशी उभा राहायचो, ते दाराशी आकडा वाचायचे. त्या दिवशी मी टेपची कडी भिंतीला लावलीच नाही. खिडकीच्या कट्ट्यावर बाहेरच्या बाजूला सरकवली, म्हणजे आकडा वाढून दिसेल. हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर, तिन्हीकडे तेच. त्यांनी मुकाट्याने आकडे लिहून घेतले. बाई कौतुकाने बघत होत्या.

जिन्यात, बाई मागे कुलूप लावत असताना, त्यांनी मला हळूच विचारलं, "काय रे, हॉलमध्ये लाद्या किती?"

"लाद्या? मोजल्या नाहीत, साहेब."

"मी मोजल्या. बारा. दहा इंची लादी, म्हणजे दहा फूट. टेप म्हणते दहा फूट आठ इंच. टेप खोटं बोलते की लादी?"

मी हातातली टेप गुंडाळायला लागलो.

"मापं घेताना मी नेहमी लाद्या मोजतो. सगळ्या एजंटांना सांगत नाही, एवढंच."

मग मागे वळून ते मोठ्याने म्हणाले, "बाई, कुलूप काढा परत. माझा चष्मा आज दगा देतोय. तोंड मी धरतो, आकडे हा वाचेल."

बाई हसल्या. "साहेब, आता दोघांनाही चहा पाजावा लागणार!"

मी दाराशी उभा राहिलो आणि खरे आकडे मोठ्याने वाचले. माझाच आवाज मला ऐकवत नव्हता. एकूण जागा वीस चौरस फूट कमी भरली. एक पलंग मावेल एवढी.

बाईंचा चेहरा उतरला. "आता कर्ज कमी होणार ना?"

"होईल," साहेब म्हणाले. "पण नसलेल्या जागेचे पैसे तुम्ही का द्यायचे? माझा रिपोर्ट बिल्डरला दाखवा. आणि याला बरोबर न्या. बोलायला पटाईत आहे."

मी गेलो. बिल्डर ओरडला, "एवढ्याशा जागेवरून किटकिट काय करता?" मी म्हणालो, "एवढीशीच आहे ना, मग सोडा तिचे पैसे." तासभर चाललं, आणि त्याने किंमत उतरवली. कमी कर्जातही घराचा व्यवहार जमला.

वास्तुशांतीच्या दिवशी बाईंनी साहेबांसमोर माझ्या हातावर पेढा ठेवला. "भाऊ, तुम्ही भांडला नसता तर मी पंधरा वर्षं हवेचे हप्ते भरले असते."

मी साहेबांकडे पाहिलं. एका शब्दात ते मला उघडं पाडू शकले असते. ते शांतपणे पेढा खात राहिले. पुढच्याच आठवड्यात मुलुंडच्या एका कामाला त्यांनी मला बोलावलं, आणि निवृत्त होईपर्यंत बोलावत राहिले. माझी रोजीरोटी त्यांनी राखली. बाईंसमोर माझी लाजही राखली. याबद्दल त्यांचे आभार मानायचं मला कधी धाडस झालं नाही.

बाई अजून त्याच घरात राहतात. दिवाळीला फराळाचा डबा पाठवतात. मी तो घेतो, आणि त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.