तांदळाच्या पिशव्या

चामखीळ काढायला मी मीरा रोडच्या प्लास्टिक सर्जनकडे गेले होते. शेजारी पन्नाशीची एक बाई बसली होती, गळ्यात शिवणकामाची टेप. तिने पर्समधून अस्तराच्या कापडाच्या दोन गुबगुबीत पिशव्या काढून थेट माझ्या मांडीवर ठेवल्या.

"जड वाटतात का हो आजी?"

"काय आहे यात?"

"तांदूळ. छातीत इम्प्लांट बसवायचंय. साईज ठरवायला आधी घरी तांदूळ घालून बघा, म्हणाले डॉक्टर. लहान पिशव्या आत्ता आत आहेत."

मी दचकून पदर ओढला. तिचा नाही, माझाच!

"या वयात? कोणासाठी गं?"

"इथेच गोडदेवला तीस वर्षं ब्लाऊज शिवतेय. सगळ्यांची मापं घेतली, माझं आज पहिल्यांदा मी सांगणार. बहीण म्हणते, मोठंच घे, लोकांना दिसू दे. पण मोठ्या पिशव्या घालून मशीनवर बसले तर सुईच दिसेना!"

मी उपदेश करणार, तोच माझंच आठवलं. मला बघायला पाहुणे आले, तेव्हा मावशीच्या हुकुमावरून मी ब्लाऊजात दोन रुमाल कोंबले होते. वाकून नमस्कार करताना एक सासऱ्यांच्या पायावर पडला. आणि मी बावळट त्यांनाच विचारते, "तुमचा का हो?"

नर्सने हाक मारली. बाई उठली. "लहानच," ती स्वतःशीच म्हणाली. मग माझ्या मांडीकडे बघून हसली, "त्या राहू द्या. खिचडी करा."

केली. पहिल्याच घासाला हे म्हणाले, "आज तांदूळ वेगळा लागतोय."

मला ठसका लागला.